योग्य जागी आलेला पट्टा पी53चाच असेल का?

प्रश्न: मी जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत असून, क्ष-किरणांचा मारा केलेल्या उंदरांच्या प्लीहेत पी53 हे प्रथिन वाढते का, हे वेस्टर्न ब्लॉटने (प्रथिने जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून, पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीने) पाहत आहे. माझे पी53विरोधी प्रतिपिंड उंदरापासूनच मिळवलेले आहे. 50 किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचे एकक) आसपास ठळक पट्टा येतो आणि 25जवळही एक येतो. परंतु मारा केलेल्या व न केलेल्या नमुन्यांत काहीच फरक दिसत नाही. पी53 वाढत नाही, असा निष्कर्ष काढावा का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: तसा निष्कर्ष कृपया काढू नये, कारण आपल्याला दिसणारा पट्टा बहुधा पी53चा नाहीच. प्लीहेत बी पेशी (प्रतिपिंडे तयार करणाऱ्या) आणि रक्त दोन्ही विपुल असल्यामुळे उंदराची स्वतःची प्रतिपिंडे नमुन्यात आधीपासूनच असतात. साखळ्यांमधील बंध तोडणारे मर्काप्टोइथेनॉल घालून नमुना उकळला की त्यांच्या साखळ्या सुट्या होतात आणि जेलवर जड साखळी सुमारे 50, तर हलकी सुमारे 25 किलोडाल्टनवर येते. आपले दुय्यम प्रतिपिंड, म्हणजे पी53ला चिकटलेल्या प्राथमिक प्रतिपिंडाला ओळखून पट्टा दाखवणारे प्रतिपिंड, उंदराचे कोणतेही प्रतिपिंड ओळखते. ते आपण घातलेले आहे की प्लीहेतलेच आहे, हा भेद त्याला करता येत नाही. दोन्ही नमुने सारखे दिसण्याचे कारण हेच असावे.

वजनाचा आधारही येथे पुरेसा नाही. 1979 मध्ये उजेडात आलेल्या या प्रथिनाला 53 हा आकडा जेलवरील स्थानावरून मिळाला; अमिनो आम्लांच्या क्रमावरून काढलेले वजन सुमारे 44 किलोडाल्टनच भरते. प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध असलेल्या भागामुळे ते जेलमधून हळू सरकते, म्हणून जड भासते.

पडताळणी सोपी आहे. त्याच नमुन्यांच्या पडद्याची एक पट्टी कापून तिला प्राथमिक प्रतिपिंड न लावता फक्त दुय्यम प्रतिपिंड लावावे. पट्टे तरीही उमटले, तर ते पी53चे नाहीत. एवढी लहानशी चाचणी पुष्कळ प्रयोगांत वगळली जाते, हे खरोखर खेदाचे आहे. त्यानंतर सशापासून मिळवलेले प्राथमिक प्रतिपिंड वापरावे आणि उंदराच्या प्रतिपिंडांना चिकटणार नाही असे शुद्ध केलेले सशाविरोधी दुय्यम प्रतिपिंड घ्यावे. सर्वांत भक्कम पुरावा मात्र पी53चे जनुक काढून टाकलेल्या उंदराच्या प्लीहेचा. असे उंदीर 1992 पासून संशोधनात आहेत आणि त्यांच्या नमुन्यात आपला पट्टा नाहीसा झाला, तरच त्यावर विसंबावे. प्रत्येक रकान्यात सारखेच प्रथिन भरले गेले आहे का, हे सर्व प्रथिने रंगवणाऱ्या पोन्सो रंगाने किंवा पेशींत नेहमी आढळणाऱ्या 42 किलोडाल्टनच्या अ‍ॅक्टिन या प्रथिनाने तपासावे.

नमुना घेण्याची वेळही आपण कळवलेली नाही. निरोगी पेशीत एमडीएम2 हे प्रथिन पी53ला सतत नष्ट करवीत असते; डीएनएला इजा झाल्यावर पी53 टिकू लागते आणि पहिल्या काही तासांतच साचते, म्हणून प्लीहा दुसऱ्या दिवशी काढली असल्यास ही वाढ ओसरून गेलेली असू शकते.