शट डाउन करताना निळा स्क्रीन येत असेल तर फॉरमॅटच्या आधी हे बघा

भाऊ, तुमची अडचण मला अशी समजली: वसमतजवळच्या तुमच्या सेवा केंद्रातला विंडोज १० चा पीसी दिवसभर सुरळीत चालतो. संध्याकाळी शट डाउन दिलं की बराच वेळ गोल फिरत राहतं, निळा स्क्रीन झळकतो आणि पीसी आपोआप परत चालू होतो. दुकानदाराने इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजच्या घडामोडींची नोंदवही) 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दाखवून एसएमपीएस (पीसीला आत वीज पुरवणारा डबा) बदला, नाहीतर फॉरमॅट मारा, असं सांगितलं.

दोन्हीची घाई करू नका. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. लोडशेडिंगमध्ये यूपीएसची बॅटरी उतरून पीसी गेला तरी हीच नोंद पडते. त्याच नोंदीच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये 'बगचेककोड' नावाची ओळ आहे, म्हणजे क्रॅशचं कारण सांगणारा आकडा, ती वाचा. तिथे ० असेल तर बहुधा वीज गेली, कोणी बटण दाबून धरलं किंवा पीसी पार गोठला. मग एसएमपीएस तपासायला हरकत नाही. पण तुम्हाला निळा स्क्रीन दिसतो, म्हणजे त्या वेळी वीज होतीच. माझा अंदाज, तिथे १५९ निघेल.

१५९ म्हणजे 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर'. ड्रायव्हर म्हणजे स्कॅनर, प्रिंटरसारखी वस्तू विंडोजकडून चालवून घेणारं छोटं सॉफ्टवेअर. बंद होताना विंडोज एकेका ड्रायव्हरला आवरतं घ्यायला सांगतं. एखाद्याने उत्तरच दिलं नाही तर काही मिनिटं वाट बघून ते क्रॅश होतं. म्हणून दिवसभर काही जाणवत नाही.

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलंय. त्यात शट डाउन दिलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, हायबरनेट होतो, म्हणजे आहे त्या स्थितीत डिस्कवर साठवून ठेवला जातो. ड्रायव्हर तिथेच अडकत असू शकतो. आज शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा; तेवढ्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं. असं नीट बंद झालं तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांच्या सेटिंगमधून फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. सकाळी चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, बस्स.

तरीही क्रॅश झाला तर बोटांच्या ठशांचा स्कॅनर, वायफाय डोंगल, प्रिंटर, नेटसाठी लावलेला मोबाईल, सगळं यूएसबीवरून काढून शट डाउन करा. नीट झालं तर रोज एकेक वस्तू परत लावत जा. माझा पहिला संशय स्कॅनरवर आणि डोंगलवर. ज्याच्यावर अडेल त्याचा ड्रायव्हर काढून कंपनीच्या साइटवरूनच नवा घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी सॉफ्टवेअरं केंद्राच्या पीसीवर नकोतच, तिथे लोकांची कागदपत्रं असतात.

फॉरमॅटला माझा विरोध याचसाठी आहे. स्कॅनर आणि डिजिटल सही पुन्हा बसवण्यात दिवस जाईल, तोच जुना ड्रायव्हर परत टाकला तर त्याच संध्याकाळी तोच निळा स्क्रीन येईल.

एक मात्र आजपासूनच पाळा. निळा स्क्रीन आला की कंटाळून बोर्डाचं बटण बंद करू नका. त्या वेळी विंडोज क्रॅशची माहिती डिस्कवर लिहीत असतं, तिचीच मिनीडंप नावाची छोटी फाइल बनते. वीज तोडली तर तो पुरावाही जातो आणि हार्ड डिस्कलाही धोका. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात 'मिनीडंप' फोल्डर सापडेल. ती फाइल ब्लूस्क्रीनव्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर फक्त 'एनटीओएसकर्नल' दिसलं तर त्याला दोषी धरू नका, ते विंडोजचंच आहे. बगचेककोड, स्कॅनरचं मॉडेल आणि ती फाइल पाठवा. खरा ड्रायव्हर कोणता ते मी बघून सांगतो.