मका खालीवर झाला म्हणून बाटली घेऊ नका

प्रश्न (देपालपूर): गेल्या वर्षीच्या संकरित मक्याची भरलेली कणसं निवडून बी ठेवलं आणि दोन बिघे पेरलं. आता एक झाड डोक्याएवढं, तर शेजारचं कमरेएवढं. दुकानदाराने झिंक कमी आहे म्हणत झिंक आणि टॉनिक दिलं, तेही दुप्पट मात्रेने. पानांच्या कडा करपल्या. मुलीच्या पुस्तकात होमोझायगस-हेटेरोझायगस असं काही आहे, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

उत्तर: आहे, काका. बाटली घेण्याआधी मुलीला विचारलं असतं तर पैसे वाचले असते.

प्रत्येक गुणासाठी झाडाकडे दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडची, एक बापाकडची. ही जनुकांची जोडी. एकाच गुणाच्या चिठ्ठीवर वेगवेगळा मजकूर असू शकतो, त्या प्रकारांना अॅलील म्हणतात. दोन्ही चिठ्ठ्यांवर सारखंच लिहिलेलं असेल तर होमोझायगस, वेगवेगळं असेल तर हेटेरोझायगस. मिश्र जोडीत ज्या चिठ्ठीचं चालतं ती प्रभावी. दुसरी अप्रभावी, म्हणजे दबून राहते. पण ती जात नाही, पुढच्या पिढीत जाते.

पिशवीतलं संकरित बी दोन शुद्ध वाणांचं पहिलं लेकरू असतं. सगळ्या झाडांत तीच मिश्र जोडी, म्हणून शेत कापल्यासारखं एकसारखं. त्या शेतातले दाणे पेरले की जोड्या फुटतात. एका जोडीपुरतं बघितलं तर चौथा हिस्सा आईसारखा, चौथा बापासारखा, निम्मा मिश्र. दहा जोड्या धरा, तर दहाच्या दहा मिश्र राहिलेलं झाड हजारात एखादंच. त्यात मक्याचं परागण वाऱ्यावर. कणीस सोलून बघा, एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. एकाच कणसातल्या शेजारच्या दोन दाण्यांचा बाप वेगळा असू शकतो. तुम्ही कणीस निवडलंत, ते आई बघून. बाप कोण, ते तुम्हाला दिसलंच नाही.

आता झिंकचं. झिंक कमी असेल तर कोवळ्या पानांवर, बुडाच्या बाजूला, मधल्या शिरेच्या दोन्हीकडे पांढरट पट्टे येतात आणि शेताचा पट्टाच्या पट्टा तसा दिसतो, म्हणजे खळग्यातली नाहीतर चढावरची सगळी झाडं सारखीच खुजी. तुमच्याकडे एकाच ओळीत, वीतभर अंतरावर, एक उंच आणि एक बुटकं. खत तेच, पाणी तेच, माती तीच. हे बियाण्याचं आहे. टॉनिकने जनुक बदलत नाही. दुप्पट टॉनिकनेही बदलत नाही. दर पावसाळ्यात हेच सांगतो आणि दर पावसाळ्यात रिकाम्या बाटल्या बांधावर दिसतात.

खरंच झिंक फवारायची वेळ आली तर झिंक सल्फेट लिटरला ५ ग्रॅम आणि त्यात अडीच ग्रॅम चुना. चुना न घालता, तेही दुप्पट, दिलं की कडा जळतातच. आता काहीही फवारू नका. युरियाचा हप्ता तुरा येताना द्यायचा तो द्या, हवा तर थोडा मका हिरवा चारा म्हणून कापा. आणि यातलं बी परत ठेवू नका. निमाडातल्या पाहुण्यांनी बीटी कापसाचं 'दुसऱ्या पिढीचं, निम्म्या दरात' बी दाखवलं तर तेही नको. त्यात काही झाडं बीटीच्या, म्हणजे अळी मारणाऱ्या, जनुकाविनाच निघतात आणि अळीला ती बरोबर सापडतात.

प्रश्न (सांवेर): दुकानदार म्हणतो, सोयाबीनचं घरचं बी दोन वर्षांत थकतं, जनुकं झिजतात, दरवर्षी नवी पिशवी घ्या.

उत्तर: म्हणजे मक्यात बी ठेवू नये तिथे ठेवू देतो आणि सोयाबीनमध्ये ठेवावं तिथे पिशवी विकतो! जनुकं झिजत नाहीत. सोयाबीनचं फूल उमलायच्या आतच स्वतःच्या परागाने फळतं. दर पिढीला मिश्र जोड्या निम्म्या होतात, शंभराच्या पन्नास, पंचवीस, साडेबारा. वाण काढणारे सहा-सात पिढ्या हेच करतात, म्हणून वाण बाहेर येतं तेव्हा जवळजवळ सगळ्या जोड्या एकसारख्या असतात. १९९४चं जे.एस. ३३५ हे वाण आपल्या माळव्यात किती वर्षं पेरलं गेलं, आठवा.

बिघडते ती उगवण. सोयाबीनची साल पातळ असते. ओलं मळलं, थ्रेशर मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या वर पळवला, पोती आपटली, पाचावर थप्पी लावली की बी मरतं. मे महिन्यात ओल्या गोणपाटावर शंभर दाणे गुंडाळा आणि आठव्या दिवशी मोजा. सत्तर उगवले तर पेरा. पिशवी विकतची असली तरी मोजा, टॅग बघून थांबू नका. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी कल्चर, म्हणजे जिवाणूंचं खत. तिन्ही एकत्र कालवून घ्या असं दुकानात सांगतील, ऐकू नका. बुरशीनाशकात कालवलं की कल्चरमधले जिवाणू मरतात.

स्वतःचं बी ठेवणं आणि पेरणं हा २००१च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने तुमचा हक्क आहे. प्रमाणित बियाण्यावर बीजग्राम योजनेत सूट मिळते. खसऱ्याची नक्कल (जमिनीचा उतारा), आधार आणि पासबुक घेऊन या, पेरणीआधी.

प्रश्न (महू): 'डबल जीन' सोयाबीन म्हणून दुप्पट दर सांगतात. घ्यावं का?

उत्तर: नाही. प्रत्येक झाडात प्रत्येक जनुकाची जोडीच असते, डबल कशाला म्हणायचं? इथल्या, इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचं एन.आर.सी. १२७ हे वाण बघा. त्यात प्रथिनं पचू न देणाऱ्या एका घटकाच्या दोन्ही चिठ्ठ्या निकामी आहेत. एकच निकामी असून भागत नाही, कारण चालू चिठ्ठी प्रभावी. हे वाण पाहिजे असेल तर नाव वाचून, बिल घेऊन घ्या आणि खळ्यावर दुसऱ्या सोयाबीनमध्ये मिसळू देऊ नका.

प्रश्न (हातोद): पांढऱ्या फुलाच्या सोयाबीनमध्ये मधूनच जांभळी फुलं दिसतात. बी ठेवायचं आहे.

उत्तर: ताई, उपटा. सोयाबीनमध्ये जांभळा रंग प्रभावी, पांढरा अप्रभावी. मेंडेलला वाटाण्यातही तेच दिसलं होतं, मिश्र झाडांच्या पुढच्या पिढीत ७०५ जांभळी आणि २२४ पांढरी. पांढरं फूल यायला दोन्ही चिठ्ठ्या पांढऱ्या लागतात, म्हणून पांढऱ्या झाडात जांभळं लपू शकत नाही. जांभळी तेवढी काढली की रंगापुरतं शेत स्वच्छ. उलटं असतं, म्हणजे जांभळ्या वाणात पांढरी निघाली असती, तर काही जांभळ्यांच्या पोटात पांढरी चिठ्ठी दबून राहण्याची भीती होती. तिथे एका वर्षात भागतंच असं नाही.

भेसळ बहुतेक थ्रेशरमधून आली असेल. तुमच्या आधी कोणाचं सोयाबीन काढलं ते विचारा आणि यंदा मशीन झाडूनच खळ्यावर घ्या. उपटणं मात्र याच आठवड्यात, पहाटे, फुलं झाडावर आहेत तोवर. शेंगा धरल्या की जांभळं कुठलं नि पांढरं कुठलं, मलाही ओळखता येणार नाही.