घरात कापूस, तूर आणि रांगतं बाळ आहे. उंदरांसाठी कोणतं औषध टाकावं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दर्यापूरकडचं मातीच्या भिंतींचं कवेलूचं घर, भाव वाढेल म्हणून मधल्या खोलीत भरून ठेवलेला कापूस, बाजूला तुरीचे कट्टे, रांगणारं बाळ, आणि मांजर आणूनही रात्रभर आढ्यावर धिंगाणा. विचारलंय एवढंच की कोणतं औषध टाकू.

घरात कोणतंच टाकू नका. हे औषध विकणारा माणूस सांगतोय. दारव्हा तालुक्यात माझं छोटं कृषी केंद्र आहे, उंदराचं औषध माझ्या फळीवर बारा महिने असतं. पण घरात रांगतं लेकरू आहे असं कोणी सांगितलं की मी पिंजरा दाखवतो. रांगणारं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, आणि उंदीर विषाचा तुकडा ठेवल्या जागी ठेवत नाही. ओढत नेतो, अर्धवट टाकतो. तुम्ही कोपऱ्यात ठेवलेला तुकडा सकाळी बाळाच्या चटईजवळ निघू शकतो.

दुसरी गोष्ट मांजरीची. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजरीला सगळ्यात आधी सापडतो. बाजारात केकच्या रूपात मिळतं ते ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस, कधी आठवडाभर फिरत राहतो आणि विष त्याच्या लिव्हरमध्ये साठलेलं असतं. तसे उंदीर खाऊन मांजर मरते, घुबडही मरतं. मांजर आणि औषध, दोन्हीपैकी एकच ठेवता येतं.

आता मुद्द्याचं. शहरातले लोक सांगतात की घराची सगळी छिद्रं बुजवा. फ्लॅटमध्ये ते जमतं. आपल्या घराला कवेलूखाली बोट बोट फटी, भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नाहीत, एका खोलीतला उंदीर वरून दुसऱ्या खोलीत उतरतो. अख्खं घर उंदीरबंद करण्याच्या नादी लागलात तर पैसाही जाईल आणि उंदीरही राहतील. आपल्या घरात राखायच्या जागा दोनच: धान्य आणि बाळाची खाट. बाकी घरात उंदराला राहावंसं वाटू नये एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

आधी घरात नेमकं कोण आहे ते बघा. लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर लहान उंदीर. अर्धा-पाऊण इंच लांब असतील तर मोठा, तो बहुधा वासे-बल्ल्यांवरून पळणारा. तुमच्या आढ्यावरचा धिंगाणा त्याचाच असणार. भिंतीच्या बुडाशी किंवा कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, मोठं बीळ आणि तोंडाशी मातीचा ढिगारा असेल तर घूस. ती मातीची भिंत आतून पोखरते आणि बिळात किलो किलो धान्य साठवते. आणि लांब तोंडाची, चीं-चीं करत भिंतीकडेनं धावणारी, वास मारणारी दिसली तर ती चिचुंद्री; ती उंदीर नाहीच, झुरळं-किडे खाते, तुमच्या तुरीला शिवत नाही. तिला राहू द्या. घाणेरडी वाटते म्हणून लोक आधी तिलाच मारतात आणि झुरळं वाढवून घेतात.

कापसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या घरातला खरा गोंधळ तिथे आहे. तुरीचे कट्टे हे उंदराचं खाणं, पण कापूस म्हणजे खाणं आणि घर दोन्ही. सरकी खायला, रुई अंथरायला, आणि वर ताडपत्री झाकून आपणच अंधार करून देतो. हिवाळ्यात यापेक्षा उबदार जागा गावात नाही. लहान उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वेताला येतात. पिंजऱ्यात रोज एक सापडला तरी कापसाच्या ढिगात त्यापेक्षा जास्त जन्मत असतील तर काय उपयोग?

विकून टाका, हे सांगणं सोपं आहे. खाजगीत भाव पडलेला असतो, सीसीआयच्या (सरकारी कापूस खरेदीच्या) केंद्रावर नंबर लागायचा असतो, हे मलाही कळतं. ठेवायचाच असेल तर तीन गोष्टी करा. भिंतीला लावून रचू नका, चारही बाजूंनी दीड फूट वाट सोडा. मांजर फिरली पाहिजे, तुम्ही बॅटरी घेऊन मागे जाऊ शकला पाहिजेत. उंदीर नेहमी भिंतीच्या कडेनं, आडोशानं पळतो. मोकळी वाट ओलांडायला तो कचरतो. दुसरं, खाली विटांवर बल्ल्या किंवा फळ्या टाकून कापूस जमिनीपासून उचला. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं: आठवड्या-पंधरवड्यातून एकदा ढीग हलवा, इकडचा तिकडे करा. हात न लागलेल्या ढिगातच घरटं होतं. गाठोडी करून ठेवली तर हलवायला सोपं जातं.

आणि त्या खोलीतली वायर बघाच. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला तो काहीही कुरतडतो. उघडी वायर आणि खाली कापूस, यात काय होऊ शकतं ते लिहायला नको. वायर पाइपात घालून घ्या. नाहीच जमलं तर त्या खोलीची लाइन बंद ठेवा, बॅटरीवर काम भागवा.

तूर, गहू, ज्वारी पत्र्याच्या कोठीत गेली पाहिजे. प्लास्टिकचा कट्टा उंदराला रात्रभराचंही काम नाही. पूर्वीच्या कणग्या आणि मातीच्या कोठ्या शेणानं लिंपलेल्या असत, त्या पोखरल्या जात. झाकण घट्ट बसणारी पत्र्याची कोठी एकदाच घ्यावी लागते आणि पिढीभर टिकते. धान्य मात्र कडकडीत वाळवून भरा. दाताखाली टणक फुटलं पाहिजे, नाहीतर बंद कोठीत बुरशी धरेल. कोठी घ्यायला यंदा पैसे नसतील तर कट्टे निदान अडीच-तीन फूट उंच माच्यावर, भिंतीपासून दूर ठेवा आणि माच्याच्या प्रत्येक पायाला टिनाची उलटी नरसाळी बसवा. टिनकाम करणारा अर्ध्या तासात करून देतो. सरकी ढेप, कोंबड्यांचा दाणा, गुळाची ढेप हेही झाकणाच्या डब्यात. बायाबापड्या धान्य सांभाळतात आणि ढेपेचं पोतं कोठ्यात उघडं राहतं, हे मी घरोघरी पाहतो.

बाळाची खाट भिंतीपासून ओढून घ्या आणि मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा. झोपवण्याआधी बाळाचे हात-तोंड ओल्या फडक्यानं पुसा. उंदीर लहान मुलांना चावतो तो बहुतेकदा बोटांना-ओठांना लागलेल्या दुधाच्या, खाऊच्या वासानं. चावलाच तर साबणानं भरपूर पाण्यात धुवा आणि दवाखान्यात न्या. मच्छरदाणीचा आणखी एक फायदा आपल्याकडे विसरू नये. उंदीर जिथे, तिथे साप त्याच्या मागावर. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, कधी कधी चावल्याचं कळतही नाही. पावसाळ्यात खाली अंथरूण टाकूच नका. कोठ्याजवळ धामण दिसली तर मात्र मारू नका. ती बिनविषारी आहे आणि तुमचंच काम करते आहे.

घराबाहेर एक चक्कर मारा. पराट्या (कापसाची वाळलेली झाडं), तुराट्या, कुटाराची (भुशाची) गंजी भिंतीला टेकून आहे का? असणारच, चुलीला जवळ पडावं म्हणून आपण सगळेच तसं रचतो. ते भिंतीपासून आठ-दहा पावलं दूर न्या. पराट्या तर लवकर संपवलेल्याच बऱ्या, त्यांच्यात गुलाबी बोंडअळीही पुढच्या हंगामापर्यंत दबा धरून बसते. छपरावर आलेल्या फांद्या छाटा. मोरीच्या तोंडाला जाळी लावा.

दारांच्या फटींचं माप लक्षात ठेवा: जिथे शिसपेन्सिल जाते तिथे लहान उंदीर जातो. मोठ्याला अर्धा-पाऊण इंच पुरतं. दाराच्या खालच्या कडेला टिनाची पट्टी ठोका, खिडकीला पाव इंची लोखंडी जाळी. प्लास्टिकची हिरवी जाळी डासांसाठी आहे, उंदीर ती चावून जातो. भिंतीतलं बीळ नुसत्या मातीनं लिंपलं तर दुसऱ्या रात्री उघडं. आत दगडाच्या कपच्या आणि फुटकी काच ठासून वरून सिमेंटचा गिलावा द्या. हे काम सोयाबीन निघायच्या आधी व्हायला हवं. वावरं रिकामी झाली की तिथले उंदीर गावाकडे येतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात काळ्या मातीच्या भेगा बुजल्या, बिळांत पाणी भरलं, की पुन्हा येतात. या दोन वेळा पकडा.

पिंजरा लावायची पद्धत असते. मोठा उंदीर नव्या वस्तूला भितो, म्हणून पिंजरा दोन-तीन रात्री उघडाच ठेवा, आत भजं किंवा भाजलेलं खोबरं टाका, फुकट खाऊ द्या. सवय झाली की खटका लावा. लहान उंदीर असा लाजत नाही, पण तो घरट्यापासून फार लांब जात नाही, म्हणून एका पिंजऱ्याऐवजी दर आठ-दहा फुटांवर एक चाप लागतो. खाणं दोऱ्यानं बांधा, नाहीतर ते अलगद काढून नेतात. बाळासाठी चाप उलट्या क्रेटखाली किंवा कोठीमागे ठेवा आणि सकाळी आठवणीनं उचला. पिंजऱ्यातला उंदीर कुठे सोडायचा हा गावातला मोठा वाद आहे. शेजाऱ्याच्या वावरात सोडला तर तो परत येतो आणि शेजारीही येतो. मला चाप बरा वाटतो, एका झटक्यात काम होतं. सासूबाई गणपतीचं वाहन म्हणून नको म्हणत असतील तर वाद घालू नका, कोठी आणि जाळी यांना त्यांचा विरोध नसेल.

चिकट पुठ्ठा मी ठेवत नाही. त्यावर पाली, चिमण्या अडकतात, उंदीर तडफडत पडतो आणि लेकराचा हात चिकटला तर आणखी रडारड. आवाजाचं यंत्र प्लगला लावायचं म्हणून कोणी गळ्यात मारलं तर घेऊ नका. तो आवाज भिंत आणि कापूस ओलांडत नाही, आणि उंदराला त्याची सवय होते. पुदिन्याचं तेल, डांबरगोळ्या, तुरटी: चार दिवसांचा खेळ. डांबरगोळ्या तर बाळासाठी विषच.

धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी बिळात टाकायला दिल्या तर त्या घरात आणूही नका. ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो मातीच्या भिंतीतून, फटीतून झोपायच्या खोलीत येतो. त्याला उतारा नाही. ट्यूबमधली पिवळ्या फॉस्फरसची पेस्टही तशीच, ती माणसाचं लिव्हर निकामी करते.

वावरात घुशींचा त्रास असेल तर तिथे झिंक फॉस्फाइड चालतं, पण तेही शिस्तीनं. संध्याकाळी सगळी बिळं बुजवा, सकाळी उघडलेली तेवढीच चालू. दोन-तीन दिवस त्यात नुसतं तेल लावलेलं भरड धान्य टाका. मग 96 भाग धान्य, 2 भाग तेल, 2 भाग औषध असं काठीनं मिसळून बिळाच्या आत टाका आणि तोंड बुजवा. सवय न लावता थेट विष टाकलं तर थोडं खाऊन ज्याचं पोट दुखलं तो उंदीर पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही. मेलेले वेचून खोल पुरा. कोंबड्या त्या दिवशी बंद ठेवा.

चुकून कोणी विष खाल्लंच तर उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका, औषधाचं पाकीट हातात घेऊन 108 ला फोन करा.

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. फिनाइलचं किंवा ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग फडक्यानं पुसा. मेलेला उंदीर हातानं उचलू नका, पिशवीत हात घालून उचला. त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड झालेलं अंग सोडून दुसरं अंग शोधतात. आणि 2018 च्या पावसाळ्यात नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली होती, ते तुम्हाला आठवत असेल. उंदरांच्या अंगावर आणि गवतात असणाऱ्या बारीक किड्याच्या चाव्यानं तो होतो. पावसाळ्यात किंवा नंतर घरात कोणाला चार-पाच दिवस उतरत नाही असा ताप आला तर काखेत, जांघेत, कमरेला बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का बघा. खपली दिसो न दिसो, डॉक्टरांना घरात उंदीर आहेत हे आपणहून सांगा. वेळेत ओळखलं तर डॉक्सीसायक्लिनसारख्या स्वस्त गोळ्यांनी तो बरा होतो, पण डॉक्टर उंदरांचं विचारतीलच असं नाही.