लॉग इन मधला ‘लॉग’ कुठला?

लॉग इन मधला लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका का, आणि शब्द जोडून लिहायचा की तोडून, असे दोन प्रश्न आहेत. ओंडकाच. फक्त तो जहाजावरून आलाय.

शिडाच्या जहाजाचा वेग मोजायला वर्तुळाच्या चतकोराएवढी पातळ फळी असायची, तिलाच ‘लॉग’ म्हणत. गोल कडेला शिसं बसवलेलं, त्यामुळे ती पाण्यात उभी, जवळपास जागच्या जागी राहायची. जहाजाच्या मागून ती टाकायची आणि रिळावरची दोरी सुटू द्यायची. सुरुवातीची दोरी मोजत नसत, कारण फळी आधी जहाजामागच्या खळबळीतून बाहेर पडायला हवी. मग चिंधीची खूण हातातून गेली की २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी सुटल्या, तितके सागरी मैल ताशी. वेगाला ‘नॉट’, म्हणजे गाठ, म्हणतात ते यामुळेच. दोरी वापरून ताणली की गाठी कमी भरायच्या, वेग कमी दिसायचा. दमट वाळू हळू गळली की उलट.

ही मापं ज्या वहीत उतरवायची ती लॉगबुक. त्यावरून ‘लॉग’ म्हणजे नोंद करणे, आणि लॉग इन म्हणजे आत आल्याची नोंद करणे.

संगणकात हा शब्द रुळला तो अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या सीटीएसएस या संगणक प्रणालीसारख्या यंत्रणांतून. तिचं पहिलं प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मधलं. एकच महागडं यंत्र अनेक जण एकाच वेळी वापरणार, तर कोणी किती वेळ खाल्ला याचा हिशेब हवाच! पुढे २९ ऑक्टोबर १९६९ ला अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे हाच शब्द पाठवताना ‘एल’ आणि ‘ओ’ पोचले आणि तिकडचं यंत्र बंद पडलं.

आता लिहिण्याचं. इंग्रजीत क्रियापद असेल तर तोडून, नाम किंवा विशेषण असेल तर जोडून. म्हणजे बटणावर ‘लॉग इन’, पण ‘लॉगिन पेज’. आपण मराठीत ‘लॉगिन केलं’ म्हणतो, तिथे तो शब्द नाम असतो; त्याच सवयीने इंग्रजीत शेवटी ईडी चिकटवून ‘लॉगिन्ड’ लिहिलं जातं. ते चूक. भूतकाळाचा प्रत्यय लॉगला लागतो: ‘लॉग्ड इन’. कर्म मध्ये बसू शकतं, ‘लॉग मी इन’. पुढे ‘टू’ आलं तर ‘इन’ आणि ‘टू’ वेगळे ठेवावेत. ‘इंटू’ही सर्रास चालतं, पण औपचारिक मजकुरात मी टाळेन. लॉग ऑनचा अर्थ जवळपास तोच. एका स्क्रीनवर दोन्ही वापरू नका, एवढंच.