अधिस्वीकृती नाही, म्हणजे पत्रकार नाही?

प्रश्न : मी माण तालुक्यात राहतो. शेती सांभाळून गेली तीन वर्षे पाणीटंचाईच्या आणि ग्रामसभांच्या बातम्या स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर देतो. मागील महिन्यात टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही मागितली असता, ‘तुमच्याकडे अधिस्वीकृती (पत्रकार म्हणून शासनाची मान्यता) नाही, तुम्ही पत्रकार नाही’ असे सांगून संबंधित कर्मचाऱ्याने नकार दिला. कायद्याने मी पत्रकार ठरतो का?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : नोंदवहीपुरते बोलायचे तर ते उत्तर दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. तुम्ही मोठ्या दैनिकाचे संपादक असता तरी केवळ त्या नात्याने नोंदवहीवर तुमचा वेगळा हक्क निर्माण झाला नसता. आणि तुम्ही निव्वळ शेतकरी असलात तरी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करून ती पाहण्याचा व तिच्या प्रती घेण्याचा हक्क तुम्हांला आहेच. त्या अर्जावर जन माहिती अधिकाऱ्याने सर्वसाधारणपणे ३० दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. अधिस्वीकृती ही शासनाने दिलेली सोय आहे, बातमी देण्याचा परवाना नव्हे.

भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मध्ये वृत्तपत्रांचा उल्लेखच नाही. तो असावा अशी मागणी संविधान सभेत झाली, तेव्हा संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच आपला हक्क बजावत असतो, सबब निराळ्या उल्लेखाची गरज नाही, अशी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतली. वृत्तपत्राची किंमत व पृष्ठसंख्या यांची सांगड घालणाऱ्या कायद्याविरुद्ध पुण्याच्या ‘सकाळ’ने सर्वोच्च न्यायालयात १९६१ मध्ये जो निकाल मिळविला, तोही याच अनुच्छेदाच्या बळावर.

पत्रकार कोण, हे ठरविण्याची वेळ कायद्यावर येते ती मुख्यतः एखादी सवलत किंवा संरक्षण द्यावयाचे असते तेव्हा. श्रमिक पत्रकारांच्या १९५५ च्या अधिनियमाने पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय असणे आणि त्याच कामासाठी नेमणूक असणे, अशा दोन अटी घातल्या. २०२० च्या श्रम संहितेने डिजिटल माध्यमांना व्याख्येत घेतले, पण या अटी तशाच ठेवल्या. पत्रकारांवरील हल्ल्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करणारा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदाही याच धर्तीवर बेतलेला आहे. त्यामुळे तुम्ही त्याच्या कक्षेत बसणे कठीण दिसते.

इथे मला हा कायदा तोकडा वाटतो. आपल्या सातारा-सांगलीकडच्या किती तालुका वार्ताहरांच्या हाती नेमणूकपत्र असते? कुणाची शेती, कुणाचे झेरॉक्सचे दुकान, कुणाच्या शिकवण्या. मानधन नावापुरते आणि भिस्त जाहिरातींच्या कमिशनवर. वाळूउपशाच्या बातमीनंतर दमदाटी आधी यांच्या वाट्याला येते आणि मुख्य व्यवसायाचा दाखलाही यांनाच द्यावा लागतो. अर्थात मारहाण झाल्यास भारतीय न्याय संहितेखालची दाद तुम्हांला इतर कोणाही नागरिकाप्रमाणे मागता येईलच.

जबाबदारीच्या बाबतीत मात्र कायदा असा भेद करीत नाही. याच संहितेतील बदनामीचे कलम ३५६ तुम्हांला आणि दैनिकाच्या संपादकाला सारखेच लागू आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर आणि लोकमान्य टिळक यांना १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीबद्दल १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले, कारण ज्या पत्रांवर त्यांनी विसंबून लिहिले ती बनावट निघाली. तेव्हा माहिती अधिकारात मिळालेली नोंदवहीची प्रमाणित प्रत हाती आल्यावरच टँकरची बातमी द्यावी आणि ती प्रत जपून ठेवावी.