लीड्सच्या थंडीत टॅरंटुलाच्या पेटीखाली हीट मॅट ठेवावी का?

तुम्ही इंग्लंडमधल्या लीड्समध्ये भाड्याच्या खोलीत राहता, रात्री घरमालकाचं हीटिंग बंद झालं की खोली १६ अंशांवर येते, आणि मेक्सिकन रेड नी जातीच्या टॅरंटुलाच्या (पाळीव, केसाळ मोठ्या कोळ्याच्या) मोठ्या मादीसाठी पेटीखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, घ्यावी का, असं विचारलंय. खाली नको. मॅट हवीच असेल तर जरूर घ्या, पण मातीखाली तिला जागा नाही.

रेड नी ही मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या कोरड्या जंगलातली. तिथे ऊन वरून येतं. उकडायला लागलं की कोळीण बिळात खाली उतरते, कारण तिच्या लेखी खाली म्हणजे गार. तळाला मॅट लावली की हा सगळा हिशेब उलटा होतो. ती गारव्यासाठी जितकी खोल जाते तितकी जास्त तापते. आपल्याला वरून यातलं काहीच दिसत नाही: वरची माती ओलसर, काचेवर आतून वाफ धरलेली, आणि तळाची माती मात्र भट्टीजवळच्या रेतीसारखी कोरडी ठणठणीत. बिळात राहणारी कोळीण दिवसेंदिवस झाकणाच्या कोपऱ्यात चिकटून बसू लागली, तर आधी खालची माती हाताला लागते कशी ते बघा.

थंडीपेक्षा हा कोरडेपणा जास्त घातक. टॅरंटुला पाय आखडते स्नायूंनी, पण लांब करते ते अंगातल्या द्रवाच्या दाबाने. पाणी कमी पडलं की दाब उतरतो आणि पाय पोटाखाली मुडपले जातात. मग लोक म्हणतात, थंडीने गेली. बऱ्याचदा ती तहानेने गेलेली असते. रेडिएटरने खोलीची हवा कोरडी होते, त्यामुळे पसरट वाटीत पाणी कायम भरलेलं हवं. (पाठीवर उताणी पडलेली दिसली तर घाबरू नका. कात टाकत असणार. हात लावू नका, सरळ करायला तर मुळीच जाऊ नका.)

१६ अंशांच्या थोड्या रात्रींनी मोठी रेड नी मरत नाही. ती मंदावते, खाणं कमी करते, एका जागी बसून राहते. दिवसा खोली १९-२० ला येत असेल तर मी काहीही लावणार नाही. माद्या २० वर्षांहून जास्त जगतात. एक हिवाळा हळू वाढली तर काही बिघडत नाही. फक्त या दिवसांत खायला कमी द्या, आणि न खाल्लेला रातकिडा रात्रभर आत सोडू नका.

थर्मामीटर मात्र आधी घ्या, आणि तो पेटीशेजारी ठेवून पहाटेचा आकडा बघा. खिडकीच्या कठड्यावरची पेटी आतल्या भिंतीच्या वरच्या फळीवर हलवली, तर तेवढ्यानेही फरक पडतो. त्यानंतरही रोज १६ च्या खाली जात असेल, तर पेटी नाही, तिच्या भोवतीची हवा गरम करा. एखादं छोटं कपाट घ्या, मागच्या भिंतीला मॅट लावा, मॅट आणि पेटी यांच्यात मोकळी जागा सोडा, थर्मोस्टॅटची (ठरवलेल्या तापमानाप्रमाणे मॅट चालू-बंद करणाऱ्या यंत्राची) तापमान मोजणारी वायर पेटीच्या उंचीला अडकवा आणि २३ वर लावून द्या. कपाटाला हवा खेळायला फट ठेवा. थर्मोस्टॅट नसेल तर मॅटही नको, यात घासाघीस नाही. विजेचं बिल? ७ वॅटची मॅट २४ तास चालली तरी जेमतेम ०.१७ युनिट. १५०० वॅटचा हीटर तेवढी वीज सातेक मिनिटांत खातो. तापणारे दगड आणि दिवे, दुकानदार कितीही आग्रह करो, घेऊ नका.

वीज गेलीच तर पेटी थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. हाताला गरम करणाऱ्या पुड्या बंद खोक्यात टाकू नका. त्या हवेतला ऑक्सिजन वापरून तापतात.

हे सगळं रेड नीसाठी. चिलियन रोझ ही टॅरंटुलाची जात याहूनही काटक. पण ॲमेझॉनच्या पावसाळी जंगलातली गोलायथ असेल तर १६ अंश चालणार नाहीत, तिला कपाट लागेलच. पिल्लांचंही तसंच: इवलासा जीव, लवकर सुकतो, त्यांच्या डबीचा एक कोपरा ओला राहू द्या.

पुण्या-नाशिकहून हे वाचणाऱ्यांसाठी एक. तुमच्याकडे घरात हीटरची गरज सहसा पडत नाही. पण थंडीत खिडक्या बंद करून डासांचं मशीन लावता ना, त्यातलं औषध कीटकांसाठी असलं तरी कोळ्यालाही विषारी असतं. ज्या खोलीत टॅरंटुला आहे तिथे मशीनही नको आणि कॉइलही नको. मच्छरदाणी लावा.