तळ्यात माशांसाठी निवारा करताना: बांबू, फांद्या की टायर?

प्रश्न: माझे वीस गुंठ्यांचे मातीचे शेततळे असून त्यात रोहू, कटला आणि मृगळ सोडले आहेत. मासे एका जागी जमावेत म्हणून तळाशी दगड, जुने टायर आणि बाभळीच्या फांद्या टाकाव्यात का? शेजाऱ्यांचे तळे प्लॅस्टिक अस्तराचे आहे. त्यांनीही तसेच करावे का?

उत्तर: अशा निवाऱ्याने तळ्यातील माशांची संख्या वाढत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. त्याचा खरा लाभ खाद्यात आहे आणि तो प्रामुख्याने रोहूला होतो. पाण्यात उभ्या रोवलेल्या बांबूवर दोन-तीन आठवड्यांत शेवाळाचा बुळबुळीत, हिरवट-तपकिरी थर धरतो व त्यात असंख्य सूक्ष्म जीव वाढतात. रोहूचे ओठ झालरीसारखे असल्याने तो हा थर सहज खरवडून खातो. कटला वरच्या थरातील प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खातो आणि मृगळ तळाशी चरतो, त्यामुळे त्या दोघांना बांबूचा थेट उपयोग थोडाच होतो. म्हणून आपल्या तळ्यात दगड किंवा टायर न टाकता, एका बाजूला सुकलेले बांबू ओळीने उभे रोवावेत आणि उरलेले पाणी जाळ्यासाठी मोकळे ठेवावे, असा माझा सल्ला आहे. टायरच्या पोकळीत गाळ साचतो, ओढजाळे अडकून फाटते आणि तेथे दडलेली मरळ ही शिकारी मासळी नव्याने सोडलेली बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) फस्त करते.

बाभळीच्या काटेरी फांद्या रात्रीची चोरटी मासेमारी रोखतात, हे खरे आहे; परंतु त्या पाला झडून पूर्ण वाळल्यावरच टाकाव्यात, कारण ओला पाला पाण्यात कुजताना विरघळलेला प्राणवायू खेचून घेतो आणि उन्हाळ्यात पाणी कमी व कोमट असताना हीच चूक सर्वांत महागात पडते. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडमिट करताना दिसले, तर खाद्य व शेणखत त्वरित थांबवावे, फांद्या बाहेर काढाव्यात आणि पंपाने तळ्यातीलच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे पाडावे. फांद्या दोरीने बांधून दोरीचे टोक काठावरील खुंटाला अडकवले असेल, तर अशा वेळी त्या लगेच ओढून घेता येतात.

शेजाऱ्यांनी मात्र तळाशी काहीही रोवू नये व दगडही टाकू नयेत. अस्तराला एक छिद्र पडले तरी पाणी झिरपून जाते आणि भरलेल्या तळ्यात ते छिद्र शोधणे फार कठीण असते. त्यांनी बंद तोंडाच्या रिकाम्या प्लॅस्टिक कॅनवर बांबूची चौकट तरंगती ठेवावी आणि तिला बांबूचे आखूड तुकडे उभे टांगावेत. तुकड्यांची टोके घासून गुळगुळीत करावीत व पाणी सर्वांत खाली जाईल तेव्हाही ती तळापासून किमान हातभर वर राहतील, एवढीच दोरी सोडावी.

मासळी काढण्याच्या आदल्या दिवशी बांबू व फांद्या काढून घ्याव्यात. बांबू मजबूत असतील, तर पुढच्या हंगामात ते पुन्हा वापरता येतात.